हसऱ्या मगरीचे दात

तळ्याकाठच्या एका नगरात एकदा एक वृद्ध शिल्पकार राहत असे. देवांच्या मूर्ती घडवणारे तिथे पुष्कळ होते. हा मात्र चौकांत आणि बागांत लोकांनी खेळावं म्हणून प्राणी घडवी. कान खाजवणारी म्हैस, जांभई देणारा उंट. थोरामोठ्यांनी आधी नाकं मुरडली, मग हळूच तेही उंटाला टेकून गप्पा मारू लागले.

त्याच्या शिष्याला बारा वर्षांनी पहिलं स्वतंत्र काम मिळालं: नगरशेठांच्या नव्या बागेसाठी एक हसरी मगर. ती पसंत पडली, तर बागेतले उरलेले सगळे प्राणी त्यानेच घडवायचे होते. शिष्याने जीव ओतला. दोन महिने तर त्याने नुसते दातच कोरले. एकेक दात टोकदार, आत कललेला, वाळूने घासून लखलखीत केलेला.

बाग खुली व्हायची त्या सकाळी सगळं नगर लोटलं. गुरुजींनी मगरीभोवती एक फेरी मारली, तिच्यासमोर बसले आणि कुणाला काही कळायच्या आत उजवा हात कोपरापर्यंत तिच्या जबड्यात घातला. लोक खो-खो हसले. शिष्यही हसला.

मग गुरुजींनी हात मागे ओढला, तर तो येईना. आत जाताना वाट देणारे दात बाहेर येताना रुतत होते. दगडाच्या ओठावरून रक्त ओघळू लागलं.

“अहो, हात घातलात तरी कशाला?” नगरशेठ ओरडले.

“तोंड उघडं दिसलं म्हणून,” गुरुजी म्हणाले.

कुणीतरी धावत जाऊन तेल आणलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. “हातोडा घे,” ते शिष्याला म्हणाले.

शिष्याने हातोडा उचलला खरा, पण तो तसाच उभा राहिला. “गुरुजी, जरा वळवून बघा ना हात.”

“तीनदा वळवला.”

शेवटी त्याने छिन्नी टेकवली आणि घाव घातला. तीन दात निखळले, हात सुटला. उपरणं फाडून तो जखम बांधू लागला.

“तुम्हाला हे आधी दिसलं होतं ना?”

“कालच दिसलं. पण नुसतं सांगितलं असतं, तर तू दोन-चार टोकं बोथट केली असतीस आणि मनात म्हणाला असतास, म्हातारा उगाच भितो. अरे, देवळातली मूर्ती माणसं हात जोडून लांबून बघतात. तू बागेत उघडं तोंड ठेवलंस, म्हणजे सगळ्यांना ‘या’ म्हणालास. आत बोलावणाऱ्याने बाहेर यायची वाटही करून ठेवायची असते.”

“पण उजवा हात, गुरुजी? तुमचा कामाचा हात?”

“पोरं डावा-उजवा बघून घालत नाहीत.”

गाठ बांधून झाली. मग हलक्या आवाजात गुरुजींनी विचारलं, “हातोडा हातात धरून तू किती वेळ थांबलास रे?”

शिष्य हादरला. त्याच्या मनात आधी आपले दोन महिने आले होते, गुरूचं रक्त नंतर. हे आठवून त्याला स्वतःचीच भीती वाटली.

तो उठला, लोकांना मागे सारलं आणि मगरीचे उरलेले सगळे दात त्याने एकामागून एक पाडले. नगरशेठ कपाळाला हात लावून बघत राहिले. त्याने तिकडे पाहिलंही नाही. हिरड्या घासून गुळगुळीत केल्यावर तो पालथा पडला, स्वतःचा हात खांद्यापर्यंत त्या बोळक्या तोंडात घातला, आत फिरवला, बाहेर काढला. पुन्हा घातला. एका जागी जरासं खरचटलं, तिथे पुन्हा घासलं.

गुरुजी बांधलेला हात मांडीवर घेऊन हे सगळं पाहत होते. दुपार कलली तेव्हा ते म्हणाले, “आता येऊ दे पोरांना.”