भर दुपारी वाजलेलं शिंग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

गाव डोंगरमाथ्यावर होतं आणि भोवती कमरेएवढं गवत. त्या गवतावर गावाची गुरं जगत, आणि त्या गवतामुळेच गावाला वणव्याची भीती असे. म्हणून तिथं एक रीत होती. माळावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला शिंग असे. धूर दिसला की शिंग फुंकायचं, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी ओले डहाळे घेऊन धावायचं.

आग लावणाऱ्याला गावातल्या कुठल्याही चुलीचा विस्तव मिळत नसे, म्हणजे त्यानं गाव सोडायचं. धूर बघून गप्प बसणाऱ्याला उन्हाळाभर माळावर पहारा करावा लागे. आणि उगाच शिंग फुंकणाऱ्याचं शिंग काढून घेत. शिंगाशिवाय कुणाला माळावर पाऊल टाकता येत नसे. या रीतीचा गावाला भारी अभिमान होता.

त्या गावात एक मुलगी राहायची. तिला आई नव्हती, वडील पायांनी अधू. ती गवत कापून विके आणि दोघांचं पोट भरे. पाटलाचा मुलगा रोज तिच्या वाटेत आडवा येई. आधी नुसता बघायचा, मग शीळ घालायचा, मग मागून चालू लागला. वळणावर बसलेली टवाळ पोरं ते बघून हसायची. मुलीनं शेजारणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुसऱ्या वाटेनं जा गं बाई, कशाला तोंडी लागतेस?"

मुलीनं वाट बदलली. तो तिथंही आला.

एके दिवशी भर दुपारी त्यानं तिचा हात धरला. तिनं हिसडा देऊन हात सोडवला, कमरेचं शिंग काढलं आणि सगळा जीव एकवटून फुंकलं.

सारा गाव धावत आला. डहाळ्यांतून पाणी गळत होतं.

"आग कुठंय?" पाटलानं विचारलं.

मुलीनं त्याच्याच मुलाकडे बोट केलं. "ही काय, इथं उभी आहे."

"मी काय केलं?" मुलगा हसत म्हणाला. "नुसता हात तर धरला."

पाटलाचा चेहरा उतरला. "पोरी, शिंग वणव्यासाठी असतं. असं कशालाही फुंकलंस, तर मला ते काढून घ्यावं लागेल."

शिंग गेलं तर घरची चूल विझणार, हे मुलीला कळत होतं. तरी ती मागे सरली नाही. "घ्या काढून, पाटील. पण आधी एक सांगा. आपण घरं पेटल्यावर धावतो, का धूर दिसल्यावर?"

"धूर दिसल्यावर."

"मग मी कशाची वाट बघायची होती?"

मग शेजारीण पुढे आली. "हा रोज हिच्या वाटेत आडवा यायचा, वळणावरची पोरं हसायची, आणि मीच हिला दुसरी वाट धरायला सांगितलं," ती म्हणाली. "वणवा आला म्हणून आपण गवताला कधी दोष दिला नाही. हिला मात्र दिला. चुकलं माझं."

पाटलानं आपल्या एकुलत्या एका मुलाकडे पाहिलं. "रीत सगळ्यांना एकच," तो म्हणाला. "याला गावात कुणी विस्तव देणार नाही. माझ्या चुलीचाही नाही." मग तो वळणावरच्या पोरांकडे वळला. "तुम्ही धूर बघून हसलात. उद्यापासून पहाऱ्याला उभे राहा."

मुलगी शिंग पुन्हा कमरेला लावून घरी आली. वडील दारात बसले होते. "शिंग कुणी फुंकलं गं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

"मी, बाबा." तिनं सगळं सांगितलं.

त्यांना उठता येत नव्हतं. पण त्या संध्याकाळी दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते हाक मारून सांगत होते, "ऐकलंत ना? ते शिंग माझ्या लेकीनं फुंकलं."

पुढे त्या माळावर बायका एकट्यादुकट्या निर्धास्त फिरू लागल्या. गावही आल्यागेल्याला वणव्याच्या गोष्टींआधी हीच गोष्ट सांगू लागलं, आणि सांगताना प्रत्येकाची छाती फुगायची.

तात्पर्य एवढंच: बाईला वाट बदलायला सांगू नये, तिची वाट अडवणाऱ्याला पहिल्या पावलालाच रोखावं, आणि ते काम साऱ्या गावाचं असतं.