राणीने लपवलेला खडा

एका राज्यात, सात डोंगरांच्या पलीकडे, मकरंदसेन नावाचा राजा होता. राजा शूर होता, पण सुखाला सोकावलेला होता, आणि त्याला सोकावून ठेवण्यात सगळ्या दरबाराचा हात होता. शिकारीला गेला असता त्याला एका गुहेत शिळामुख नावाच्या कुणा मांत्रिकाचं सिंहासन सापडलं, पाचूंनी मढवलेलं आणि लोण्यासारखं मऊ. राजाने ते महालात आणवलं, त्यावर बसला, आणि मग उठलाच नाही. जेवण तिथेच, दरबार तिथेच, झोपही तिथेच. तहान लागली की बोट हलवावं आणि सेवकांनी धावावं, असा क्रम सुरू झाला.

एके सकाळी राजाच्या पायाचा अंगठा दगडाचा झाला. मग पाऊल, मग घोटा.

राणी चारुमती त्याच्या उशापायथ्याशी राबू लागली. लेप वाटायची, शेक द्यायची, सगळ्यांची जेवणं झाली की उरलंसुरलं निवालेलं खायची, आणि कधी तेही विसरायची. त्याच सुमारास न्हाताना तिच्या हाताला डाव्या काखेत हरभऱ्याएवढा खडा लागला. दाबून पाहिला, तर दुखेना.

‘दुखत नाही, म्हणजे दुखणं नाही,’ असं मनाशी म्हणून तिने पदर सारखा केला आणि पुन्हा लेप वाटायला बसली. पण रोज दार लावून ती तो चाचपायची. खडा सुपारीएवढा झाला. तरी तिने कोणाला सांगितलं नाही. घरात एक आजारी असताना दुसऱ्याने आपलं रडगाणं काढू नये, असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं.

दगड राजाच्या गुडघ्यांपर्यंत चढला, तेव्हा वैद्य नागार्यांनी हात टेकले. “राणीसाहेब, हा छातीला पोचला की महाराज आपल्याला राहिले नाहीत,” एवढं बोलून ते डोंगराच्या पायथ्याशी आपल्या घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गवाक्षात एक भारद्वाज येऊन बसला. त्याने लाल डोळे राणीवर रोखले आणि माणसासारखा बोलू लागला.

“राणी, आज सूर्य बुडायच्या आत तीन गोष्टी झाल्या, तर त्या सिंहासनाचा शाप तुटेल. राजाने आपल्या पायांनी विहिरीपर्यंत जावं आणि स्वतः पाणी काढून प्यावं. दिवस मावळण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं. आणि या महालात जो कोणी आपलं दुखणं लपवून बसला आहे, त्याने ते त्याच पंगतीत बोलावं.”

“आणि नाही झाल्या तर?” राणीने विचारलं.

“तर उद्या या सिंहासनावर राजाचा पुतळा असेल.”

राणीने राजाला उठवलं. सेवक खांदा द्यायला धावले, तिने त्यांना मागे सारलं. राजा ओरडला, रागावला, दोनदा कोसळला. पण उठून पुन्हा चालू लागला, तसे दगडाचे टवके गळून पडू लागले. दुपार कलली तेव्हा तो विहिरीवर पोचला आणि त्याने आपल्या हाताने पोहरा ओढला. पाणी प्यायला तेव्हा दगड घोट्यांपर्यंत उतरला होता. राणीच्या डोळ्यांना धार लागली.

मग अंगणात पंगत मांडली. राजमाता बसली, मुलं बसली, राजा जमिनीवर मांडी घालून बसला. राणी वाढायला उभी राहिली. पहिला घास उचलला जाताच राजा कण्हला. दगड सरसर चढून त्याच्या कमरेला भिडला.

“एक पान रिकामं आहे,” भारद्वाज म्हणाला.

“मी मागाहून जेवते, नेहमीसारखी.”

“मग पंगत झालीच नाही.”

राणी पानावर बसली आणि तिने घास घेतला. दगड थांबला, पण उतरला नाही. सूर्य डोंगराला टेकला होता. राणीने घाईघाईने एकेकाला विचारलं. राजमातेने गुडघेदुखी सांगितली, मुलाने दाढ सांगितली. दगड पुन्हा हलला आणि राजाच्या बरगड्यांना लागला.

“चारुमती, मला श्वास घेता येत नाही,” राजा म्हणाला.

राणीचा हात आपोआप काखेकडे गेला. आत्ता सांगितलं, तर हा उरलासुरला धीरही सोडेल, असं तिला वाटलं. सूर्याची नुसती कड उरली. तिने राजाच्या डोळ्यांत पाहिलं, आणि तिचा बांध फुटला.

“माझ्या काखेत खडा आहे. कितीतरी दिवस झाले. दुखत नाही, म्हणून बोलले नाही. खरं सांगू? मला फार भीती वाटते.”

महालात सिंहासन तडकल्याचा आवाज झाला. राजाच्या अंगावरचा दगड धूळ होऊन खाली पडला.

भारद्वाजाने पंख झटकले. “त्या आसनावर बसतो तो दगड होतो. आणि त्याच्यासाठी जो गुपचूप झिजतो, त्याच्या अंगात दगडाचं बी पडतं. बी दडलेलं होतं, तोवर दगड हटणार नव्हता.” एवढं बोलून तो उडून गेला.

“मला आधी का नाही सांगितलंस?” राजाने विचारलं.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत, महाराज.”

 राजा उठला. पालखी मागवली नाही, घोडा मागवला नाही, अनवाणी डोंगर उतरून गेला आणि नागार्यांना हाताला धरून घेऊन आला. नागार्यांनी खडा तपासला. “लवकर कळलं असतं तर सोपं होतं,” ते म्हणाले, “पण अजून वेळ गेलेली नाही.” सारा हिवाळा इलाज चालला. राणी पडून राहिली आणि राजाने तिचे लेप वाटले, आधी जाडेभरडे, मग बरे. वसंतात खडा गेला.

सिंहासनाचे तुकडे विहिरीच्या काठाला बसवले. त्या राज्यात आजही दिवस मावळायच्या आत घरोघर पंगत बसते, आणि पहिला घास घेण्याआधी घरचा कर्ता सगळ्यांत आधी वाढणारीला पानावर बसवून विचारतो, “आज तुझं काय दुखतं?” आणि ती सांगते. त्यांच्या घरची शिळा जशी फुटली, तशी ऐकणाऱ्यांच्याही घरची फुटो.