सळई कोणत्या अंगाला

“मग अक्का, भिंतीत बारा मिलीची सळई घालू की सोळाची?”

विश्रामनं पुन्हा विचारलं. गिरिजाक्का धुक्याकडं बघत बसल्या होत्या. डोंगर दिसत नव्हता, खालचा मठ दिसत नव्हता. अक्कांची झोपडी तेवढी, कुठून तरी सुटून आल्यासारखी, पांढऱ्यात तरंगत होती.

झोपडीमागं डोंगराची माती. ती अंगावर येऊ नये म्हणून विश्रामनं तिथं पोकळ ब्लॉकची भिंत बांधली होती. तालुक्यातली निम्मी कुंपणं त्याच्या हातची, त्यामुळं कुणाला काही विचारायची त्याला सवय नव्हती. गेल्या पावसाळ्यात ती भिंत झोपडीकडं कलली. आता ती उतरवून तो नव्यानं पाया घेत होता.

अक्का झोपडी सोडायला तयार नव्हत्या. विश्रामला एकच भीती होती. भिंत पडून अक्का गेल्या, तर त्याला रागावणारं माणूस जगात कुणी उरणार नव्हतं.

“की सरळ वीसचीच घालू?”

“मागच्या वेळी कुठं घातली होतीस?”

“पुढच्या अंगाला, झोपडीकडं. भिंत पडते पुढं, मग पुढूनच नको का धरायला?” तो जरा घुटमळला. “आणि काम चालू असताना येणारा-जाणारा बघतो, अक्का. सळया कशा उठून दिसतात...”

अक्का गालात हसल्या.

“ऊठ. त्या कडेला उभा राहा. पाठ माझ्याकडं. पाय रोव, हलवू नकोस.”

झोपडीच्या चौथऱ्याच्या कडेखाली नुसतं धुकं होतं. खोल किती, कळत नव्हतं.

पाठीवर तळवा टेकला. हलका, ऊबदार. विश्रामचे डोळे मिटू लागले...

आणि त्या तळव्यानं ढकललं.

“अक्का!”

पाय जागेवर राहिले, वरचं अंग धुक्यात गेलं. तो पडत होता... पडतच होता... पण पडला मात्र नाही. मागून त्याचा सदरा कुणीतरी मुठीत घट्ट धरला होता.

“कुठं ताणलं?” मागून आवाज आला.

“पाठीत.”

“आणि पुढं?”

“पुढं... पोट नुसतं चेपलं.”

अक्कांनी त्याला मागं ओढलं आणि सदरा सोडला. विश्राम कडेवरून वळला. धुकं त्याच्या पापण्यांवर बसलं होतं.

मग तो भिंतीच्या पायासाठी खणलेल्या चरात उतरला. पुढच्या अंगाला उभी केलेली सळई त्यानं उपसली आणि मातीच्या अंगाला नेऊन धरली. ती बाराची की सोळाची, हे त्यानं पाहिलंही नाही.

थोड्या वेळानं त्याचा चेहरा उतरला.

“पण अक्का, इथं घातली तर ही कुणालाच दिसणार नाही.”

अक्का झोपडीकडं निघाल्या होत्या. दारात थांबल्या.

“मघाशी मी तुला दिसले होते?”