तांबू पिंडाला शिवला नाही

पूर्वी शाल्मली नगरात वीरदमन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने गुरांच्या वैद्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. आईबाप लवकर गेले, लग्न जमले नाही, आणि वेशीबाहेर तांड्यांच्या बैलांचा जो मोठा गोठा होता त्याच्या कडेला एका खोपटात तो एकटा राहत असे. बैल अडला की लोक धावत त्याच्याकडे येत. पंगत बसली की मात्र त्याची आठवण कुणाला होत नसे. जनावराच्या तोंडात हात घालणारा माणूस, त्याच्या शेजारी कोण जेवणार? सोमिलाला याचे वाईट वाटत नसे असे मी म्हणणार नाही. वाटे त्याला. पण बैलांना पाणी दाखवायची वेळ झाली की तो उठे आणि कामाला लागे.

त्याची एक रीत होती. आजारी जनावर आणले की तो लगेच हात लावत नसे. लांब बसून नुसता बघत राही. धनी आपला सांगत सुटे, याला दृष्ट लागली, हा माजला, हा कामचुकार झाला. सोमिल म्हणे, "तुम्ही जरा गप्प बसा. त्याचं त्याला सांगू द्या."

आता त्या नगराची एक चाल सांगितली पाहिजे. शाल्मली नगर तांडेवाल्यांचे. तिथले पुरुष बैल घेऊन घाट उतरत, दूरदेशी जात, आणि कधी कधी तिकडेच मरत. घरी प्रेत येत नसे, यायचे ते पागोटे. कावळ्याने त्या माणसाला कुठे मरताना पाहिलेले? म्हणून तिथे पिंड कावळ्याला ठेवीत नसत. तांड्याबरोबर गेलेला घरचा कुत्रा धन्याच्या शेवटच्या घटकेला जवळ असे, म्हणून पिंड कुत्र्याला. कुत्रा पिंडाला शिवला, म्हणजे त्याने तो खाल्ला, की मेलेल्याचे मन शांत झाले. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा अडकली. आणि कुत्रा शिवेपर्यंत त्याला दुसरे काही खायला घालायचे नाही, हा नियम. चालून चालून भुकेला झालेला कुत्रा पहिल्याच दिवशी दहीभात चाटूनपुसून खाई आणि लोक घरोघर जात. त्यामुळे नियमाची परीक्षा कधी झालीच नव्हती.

त्या वर्षी तांड्याचा म्होरक्या गोमित्र वाटेतल्या रानात तापाने गेला. तांडा परतला तेव्हा त्याचे पागोटे आणि त्याचा तांबूस कुत्रा तांबू एवढेच त्याच्या बायकोच्या हाती आले. तिचे नाव उत्पला. लग्नाला दहा वर्षे झाली होती, मूल नव्हते, सासूसासरे नव्हते. गोमित्र घरी असे तो पावसाचे चार महिने. बाकीचे आठ महिने ती एकटीपुरती चूल पेटवी. आता बारा महिने तेच नशिबी आले.

दुसऱ्या दिवशी अंगणात पिंड मांडला. तांबू आला, वास घेतला आणि परत फिरला. बायका हळहळल्या. तिसऱ्या दिवशी तेच. मग लोकांनी इच्छा शोधायला सुरुवात केली. "म्हण, त्यांनी सोडलेली विहीर बांधून पुरी करीन." उत्पलेने तसे म्हटले. "म्हण, त्यांच्या बहिणीला माहेरपण करीन." तेही म्हणाली. वडाला पार बांधीन, पांथस्थांना पाणी घालीन, जन्मभर गोड खाणार नाही. ज्याच्या मनात जे येई ते तो तिच्याकडून वदवून घेई. स्वतःच्या मनातली इच्छा गोमित्राच्या नावावर खपवणारेही काहीजण होते! तांबू रोज येई, पिंडाजवळ उभा राही आणि मान खाली घालून परत जाई.

पाचव्या दिवशी कुजबूज सुरू झाली. नवऱ्याच्या मनात काय राहिले ते बायकोलाच ठाऊक, आणि ही सांगत नाही. नगरातल्या सगळ्या तांड्यांचा प्रमुख वसुपाल तोंडावरच बोलला, "उत्पले, काही लपवलं असशील तर आता तरी बोल. कुत्रं खोटं बोलत नाही."

आणि तिने खरोखरच एक गोष्ट लपवली होती. निघायच्या दिवशी ती गोमित्राला म्हणाली होती, "या खेपेला नका जाऊ. एक हिवाळा माझ्याजवळ राहा." तो हसला. तिला त्या हसण्याचा राग आला, आणि तिने दार लावून घेतले. बाहेर तो म्हणाला, "येतो हं." तिने ओ दिली नाही. एवढेच. पण एवढेच मनात धरून ती रोज झुरत होती. सहाव्या दिवशी कुणी नसताना तिने पिंडापुढे डोके टेकले. "चुकलं माझं. त्या दिवशी दार उघडायला हवं होतं मी. आता तरी राग सोडा." तांबू हलला नाही. यांनी मला क्षमा केली नाही, असा तिने समज करून घेतला.

त्यातल्या त्यात आधार एकच होता. दिवस कलला की तांबू येऊन तिच्या मांडीवर गाल टेकी आणि बारीक कण्हत पडून राही. तिला वाटे, सगळ्या नगरात माझ्याबरोबर रडणारा हा एकटाच आहे.

सोमिल त्या दिवसांत शेजारच्या गावी होता. तिथल्या बैलांना खुरांचा आजार झाला होता. सातव्या दिवशी सकाळी तो परतला आणि अंगणातल्या गर्दीच्या मागे उभा राहिला. लोक उत्पलेच्या तोंडाकडे बघत होते. सोमिल कुत्र्याकडे बघू लागला.

पिंड मांडायच्या आधीच तांबू कोपऱ्यातून खुरडत आला. ज्याला नको असते तो असा पुढे येत नाही, तोंड फिरवतो. तांबूच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. मान एका बाजूला कललेली. पिंड मांडताच त्याने भाताचा गोळा जिभेवर घेतला, जबडा हलवला, चटका बसावा तसा दचकला, आणि गोळा खाली पडला. मग पुढच्या पायाने त्याने तोंड दोनदा खरवडले. पाण्याच्या परळाशी गेला, दोन घोट घेतले आणि कण्हून मागे सरला.

सोमिल पुढे आला. "वहिनी, हा कुठल्या कुशीवर निजतो?"

"उजव्या," उत्पला म्हणाली. "माझ्या मांडीवर नेहमी उजवा गाल टेकतो."

"तोंडाला वास येतो?"

"येतो. मला वाटलं, उपाशी आहे म्हणून."

सोमिलाने तांबूच्या मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडले. ते झटकन खाली बसले नाही, तसेच उभे राहिले. त्याने ओठ जरासा वर करून पाहिला. हिरड्या कोरड्या, चिकट होत्या. "याला पिंड नको झालेला नाही, वहिनी. याला खाता येत नाही. तोंडात काहीतरी रुतलंय. अंगातलं पाणी आटलंय, उद्याचा दिवस काढेल, परवाचा नाही."

"हात काढ!" वसुपाल ओरडला. "पिंडाला शिवायच्या आधी कुत्र्याला औषध? सोमिला, एका माणसाच्या आत्म्याचा प्रश्न आहे. याच्या तोंडात हात घातलास तर आमच्या गोठ्यात तुला जागा नाही. खोपट मोडून चालू लाग."

गोठ्यात दोनशे बैल होते, आणि त्या दोनशेंखेरीज सोमिलाची वाट बघणारे जगात कोणी नव्हते. तो उत्पलेकडे वळला. "कुत्रा तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तर हात घालतो."

उत्पलेने विचारले ते फार हळू. "दादा, म्हणजे... ते माझ्यावर रागावलेले नाहीत?"

हो म्हणणे सोपे होते. बोधिसत्त्व म्हणाला, "ते मला ठाऊक नाही, वहिनी. या बिचाऱ्यालाही ठाऊक नाही. त्याचं तोंड दुखतंय, एवढंच मला कळतं."

उत्पला खाली बसली आणि तांबूचे डोके तिने दोन्ही हातांनी धरले.

सोमिलाने दाढांमध्ये कापड गुंडाळलेली काठी बसवली. टाळूवर, उजव्या आणि डाव्या दाढांच्या मध्ये, हाडाची एक चीप आडवी अडकली होती. उजवीकडचे मांस सुजून तिच्यावर चढले होते. त्याने चिमट्याने ती आधी मागे सरकवली, मग ओढली. तांबू एकदाच किंचाळला. नखाएवढी ती चीप सोमिलाने तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली.

गर्दीतला एक गाडीवान मान खाली घालून म्हणाला, "शेवटच्या मुक्कामाला मीच टाकलं होतं ते हाड. तेव्हापासून कण्हत होता. मला वाटलं, धन्यासाठी रडतोय."

सोमिलाने कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली. "भात नको लगेच. पातळ पेज, कोमट, थोडी थोडी." उत्पलेने वाटी पुढे केली. तांबूने जीभ लावली, थांबला, दुखत नाही असे पाहिले, आणि मग वाटी लोटत अंगणभर फिरला.

लोक जरा हिरमुसलेच. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तांबूने दहीभात खाल्ला तेव्हा वसुपालाने जाहीर केले की विहिरीचा नवस पावला. सोमिलाचे नाव कुणी काढले नाही. त्याचे खोपट मात्र वसुपालाने त्याच दिवशी मोडायला लावले.

बोचके काखेत मारून सोमिल वेशीवर आला, तर तिथे तांबू बसला होता, आणि शेजारी उत्पला. घाटातून जी वाट वर येते तिच्याकडे तांबू एकटक बघत होता. सोमिलाला पाहून त्याने शेपटी आपटली, पण वाटेवरची नजर काढली नाही.

"सकाळपासून इथेच आहे," उत्पला म्हणाली. "अंगात बळ आलं तसा पहिला इथे आला. ह्यांची वाट बघतोय." "दादा, तो सात दिवस माझ्या मांडीवर गाल टेकत होता. मला वाटलं, माझं दुःख वाटून घेतोय. अहो, तो स्वतःचं सांगत होता! दुखरा गाल दाखवत होता. आणि मी आपलंच रडगाणं ऐकत बसले."

"तुम्ही मांडी दिलीत. तेवढाच शेक होता त्याला."

"आता तुम्ही चाललात. पुढे याला काही झालं तर मला कसं कळणार?"

सोमिल तिथेच धुळीत बसला. "रोज बघा. दुखेल तेव्हाच नको. बरा असताना कसा खातो, कसा उठतो, किती पाणी पितो, मुतायला कुठे जातो, ते डोळ्यांत ठेवा. मग एक दिवस काही वेगळं झालं की लगेच कळेल. रोज एकदा तोंड उघडून बघा, अंगावरून हात फिरवा. मांजर असेल तर आणखी जपा. ते दुखणं लपवतं, कणगीमागे जाऊन बसतं, अंग चाटायचं सोडतं, आणि माणसं म्हणतात किती शांत झालंय. आणि त्यानं काय सांगितलं ते ऐकायच्या आधी, आपल्याला काय वाटतं ते बाजूला ठेवा."

"आणि दादा, तुमच्याकडे कोण बघणार?"

सोमिल हसला. "बैल असतील तिथे राहीन," म्हणून तो घाट उतरू लागला. वळणापर्यंत दोघेही त्याच्याकडे बघत राहिले. गोमित्राला निरोप द्यायचा राहिला होता, म्हणून की काय, उत्पलेने हाक मारली, "या हं!" त्यानेही खालून ओ दिली.

पुढे उत्पलेच्या अंगणात लोक आपली कुत्री-मांजरे आणू लागले. ती आधी लांब बसून बघे. सोमिल मात्र त्या नगरात पुन्हा आला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे एक भिक्षू पाच दिवस भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो भिक्षेला जात नव्हता की कुणाशी बोलत नव्हता. याला मोठी समाधी लागली म्हणून इतर भिक्षू त्याच्या दाराशी फुले वाहून जात. शास्ते आत गेले, त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो तापाने फणफणलेला आढळला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा तांबू तो हा भिक्षू. उत्पला ती ही उपासिका, जी रोज विचारीत होती की ते भिक्षेला का आले नाहीत, आणि जिला तुम्ही गप्प केलेत. वसुपाल आणि पिंडाभोवती जमलेले लोक ते तुम्ही सगळे. गुरांचा वैद्य सोमिल तो मीच." गोमित्र कोण, हे कुणी विचारले नाही, आणि शास्त्यांनीही सांगितले नाही.

मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, दुसऱ्याच्या दुखण्याला आपला अर्थ न चिकटवता ते दुखणे म्हणून पाहणे, हीच करुणा." आणि त्यांनी फुले बाजूला काढायला सांगून पाणी तापत ठेवायला लावले.