उरलेला चिंचोका

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्यानेही ती जुनी म्हणूनच ऐकली होती.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाबाहेर एक चिंचेचं झाड होतं आणि त्या झाडाखाली शाळा भरायची. शिकवायला एक म्हातारे गुरुजी आणि शिकायला तीस पोरं.

या शाळेत अक्षरांच्याही आधी हातात यायचे ते चिंचोके. झाडाच्या बुंध्याशी दोन मडकी ठेवलेली असत, एक काळं आणि एक तांबडं. काळ्या मडक्यात तीस चिंचोके. सकाळी आल्या आल्या प्रत्येकाने काळ्यातला एक उचलायचा आणि तांबड्यात टाकायचा. सगळ्यांचं झालं की सर्वांत धाकट्या पोराने काळ्या मडक्यात हात घालून चाचपायचं. हाताला काही लागलं की तो ओरडायचा, "एक उरला!"

आणि सगळी शाळा विचारायची, "कोणाचा?"

मग काय विचारता! एकमेकांची तोंडं बघायची, बोटांवर मोजायचं, कोण आलं नाही ते शोधून काढायचं आणि सगळी वरात त्याच्या दारात. कोणाला ताप भरलेला असे, कोणाकडे पाहुणे आलेले असत, एखादा नुसताच लोळत पडलेला असे. लोळणाऱ्याला ओढून आणायचं, तापवाल्याच्या उशाशी बोरं ठेवून यायचं. पोरांना वाटे, खेळ चाललाय. पण त्या खेळातच ती एकाला एक जोडायला शिकली, कमी-जास्त ओळखायला शिकली, तिसातून दोन गेले की काय राहतं तेही शिकली. काय गोड दिवस असतील हो ते! सांगताना अजून जीव हळवा होतो.

त्या तिसांत बयजा नावाची एक मुलगी होती. बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच बसून राहायचा. पण मूठभर चिंचोके जमिनीवर फेका, ही एका नजरेत बोटांनी दाखवणार, सात! आणि मोजून बघा, सातच.

एक दिवस राजाची दवंडी आली. ज्या शाळेची पोरं तिसापर्यंतचे पाढे न चुकता म्हणतील, त्या शाळेला राजाकडून पितळेची घंटा मिळेल.

गुरुजींना घंटेचा मोह पडला. आयुष्यभर झाडाखाली शिकवलं, म्हातारपणी फांदीला राजाची घंटा टांगावी असं कोणाला वाटणार नाही? मी त्यांना फार दोष देत नाही. थोडा देतो.

"चिंचोक्यांत फार वेळ जातो," असं म्हणून त्यांनी दोन्ही मडकी घरच्या माळ्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून पाढे सुरू झाले. डोळे मिटायचे, डोलायचं आणि एका सुरात म्हणायचं. मधे कोणी बोललं की छडी. बयजा अडखळली की सगळ्यांचाच सूर मोडायचा. शेवटी गुरुजी वैतागले.

"बयजा, तू आपली मागे बस बघू. म्हणू नकोस. नुसते ओठ हलव."

पोरीने दोन दिवस ओठ हलवले. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. पाटी घेऊन घरून निघायची आणि ओढ्याकाठी जाऊन बसायची. आईला वाटे, लेक शाळेत आहे. गुरुजींना वाटे, मागे बसली आहे. तीस तोंडांचा सूर आणि एकोणतीस तोंडांचा सूर कानाला सारखाच लागतो.

असे चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी राजाचे शास्त्रीबुवा परीक्षा घ्यायला आले. पोरांनी तिसापर्यंतचे पाढे असे म्हटले की शास्त्रीबुवांनी मान डोलावली. त्यांनी घंटा बाहेर काढली आणि सोबत आणलेली गुळाच्या लाडवांची टोपली फिरवायला सांगितली. तीस पोरांना तीस लाडू.

टोपली फिरून परत आली. तळाशी एक लाडू होता.

"हलवायाने एक जास्त टाकलेला दिसतो," शास्त्रीबुवा हसून म्हणाले.

पण सर्वांत धाकटं पोर जुन्या सवयीने ओरडलं, "एक उरला!"

आणि सगळ्या शाळेच्या तोंडून आपोआप निघालं, "कोणाचा?"

गुरुजींनी मागच्या रांगेकडे पाहिलं.

"बयजा कुठे आहे?"

"ती चार दिवस आली नाही, गुरुजी," एक मुलगी हळूच म्हणाली.

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"पाढे चालले होते ना."

गुरुजी अनवाणीच धावले. मागे सगळी शाळा, त्यामागे धोतर सावरत शास्त्रीबुवा. घरी बयजा नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं आणि अंधार पडला की ओढ्यावर लांडगे पाण्याला येत. "बयजा! बयजा!" हाका मारून सगळ्यांचे घसे बसले.

ती सापडली ओढ्यातल्या दोन धोंड्यांमध्ये. पाय सकाळपासून अडकला होता, सुजून टम्म झाला होता. हाका मारायचा तिने प्रयत्न केला होता, पण आवाज लांब जाईना. तिच्यासमोर चिंचोक्यांच्या दोन राशी होत्या. एक मोठी, आणि दुसरीत एकच चिंचोका.

गुरुजींनी धोंडा हलवून पाय सोडवला आणि तिला पोटाशी धरलं. "हे काय गं मांडलंयस?"

"ह-हजेरी," बयजा म्हणाली. "मी रोज घेते. सगळे येतात. मा-माझाच उरतो."

म्हातारा माणूस पोरांसमोर ढसाढसा रडला.

घंटा त्यांनी शास्त्रीबुवांना परत दिली. मडकी माळ्यावरून खाली आली. दुसऱ्या दिवशी बयजा गुरुजींच्या खांद्यावर बसून शाळेत आली आणि पहिला चिंचोका तिने टाकला. पाढेही झाले, नाही असं नाही, पण हजेरीनंतर. बयजाला वेळ लागला तर सगळे थांबायचे. त्या दिवसापासून काळ्या मडक्यात एकतीस चिंचोके असत. एकतिसावा गुरुजींचा.

वर्षं गेली. पोरं मोठी झाली, नवी आली. बयजा त्याच शाळेत शिकवू लागली. गुरुजी फक्त सकाळी येत, आपला चिंचोका टाकत आणि झाडाला टेकून बसत.

एका सकाळी सगळ्यांचे चिंचोके टाकून झाले. धाकट्या पोराने काळ्या मडक्यात हात घातला आणि तो हळूच म्हणाला, "एक उरला."

त्या दिवशी कोणीच विचारलं नाही, कोणाचा. बयजा उठली आणि सगळी शाळा तिच्या मागोमाग गुरुजींच्या घराकडे चालू लागली.

तात्पर्य: आपल्यातला एक जरी उरला तरी ज्याला चैन पडत नाही, त्यालाच खरं मोजता येतं.