लिगाडे मास्तर गैरहजर

खडकतळ्याच्या हायस्कुलात शनिवारी पहिला तास होत नाही. साडेसातला घंटा होते, म्हणजे कडुनिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाई सळई हाणतो, पण एकही पोर वर्गात जात नाही. बाकीचे वार इथंही चार गावांसारखेच. सोमवारी बातम्या वाचायच्या, बुधवारी झाडांना पाणी घालायचं, शुक्रवारी पाढे नि गाणी. शनिवारी मात्र सगळी शाळा मैदानातल्या त्या काळ्या खडकापुढं ओळीनं उभी राहते. खडकावर शेवंताबाई चढते. ती मास्तरीण नाही, शेळ्या राखते. वय पासष्टीच्या पुढं. पट हातात धरून ती एकेक नाव मोठ्यानं घेते. ज्याचं नाव, त्यानं पुढं यायचं, खडकाला हात लावायचा आणि "हजर" म्हणायचं. बाई त्याचं तोंड नीट बघते, मगच पुढचं नाव. जो आला नसेल त्याच्या घरी दोघांना पिटाळतात. ते दोघं परत येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही, मग डोक्यावर ऊन येवो नाहीतर पाऊस.

सगळ्यात शेवटी ती म्हणते, "हैबती लिगाडे मास्तर." आणि सगळी शाळा एका आवाजात ओरडते, "गैरहजर."

पाहुणे इथं हसतात. हसून घ्यावं. मागल्या साली तालुक्याहून एक साहेब आले होते, गाडीतून उतरताना नाकाला रुमाल लावणारे. ते म्हणाले, "अहो, माणूस वारला असेल तर नाव कमी करा की. दर शनिवारी एक तास वाया घालवता." त्यांना वाटलं, मास्तर मेला म्हणून गैरहजर. तसं नाही. मास्तर जिवंत होता, धडधाकट होता, त्याच खडकाला टेकून उभा असायचा, तेव्हाही पोरं हेच ओरडायची. कशापायी, ते ऐकायचं असेल तर खाली बसावं. उभ्या उभ्या ऐकायची ही गोष्ट नव्हे.

समोर तो अर्धा कापलेला डोंगर दिसतो, त्याला बोडका म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सरकारी काम निघालं होतं, खडी फोडायचं. गावात चूल पेटायची ती त्या खडीवर. म्हातारी माणसंसुद्धा सकाळी हातोडी घेऊन डोंगराकडं निघायची.

शाळेत तेव्हा नववीचा वर्ग नवा नवा होता. तो आणला लिगाडे मास्तरानं. त्यासाठी तो अकरा मैल चालत तालुक्याला सतरा वेळा गेला असं सांगतात; कुणी एकवीस म्हणतं. त्याआधी आठवी झाली की पोरगं तालुक्याला जायचं आणि पोरगी चुलीपुढं बसायची. मास्तर घरोघर फिरला, बायाबापड्यांच्या विनवण्या केल्या, शिव्या खाल्ल्या, तेव्हा नववीत सात पोरी आल्या. त्यांतली पहिली द्रुपदा. इठाबाईची एकुलती एक. बाप ती रांगत असतानाच गेलेला.

पण वर्गाला अट होती. पंचवीस पोरं हजर पाहिजेत, नाहीतर वर्ग बंद. दुष्काळात पंचवीस कुठून आणणार? बाकावर दहा-अकरा बसायची, बाकीची खडीवर. मास्तरानं त्यांना सांगितलं, "पोटाचं बघा. परीक्षेला तेवढं या. हजेरीचं मी सांभाळतो." आणि तो पटावर रोज सत्तावीस-अठ्ठावीस हजर लिहायला लागला. मास्तर वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. वाईट माणसाला शिव्या घालून मोकळं होता येतं.

द्रुपदा आईबरोबर खाणीवर जायची, पण पुस्तक बरोबर न्यायची. खाणीत एक पुढं आलेला कडा होता, त्याच्या खाली सावलीची खोबण होती. दुपारच्या भाकरीनंतर ती तिथं बसून वाचायची. घरी उंदीर फार, म्हणून पुस्तक त्या खोबणीतच ठेवून यायची.

एका शुक्रवारी सांजच्याला निरोप आला की उद्या तपासणीचे साहेब येणार. मास्तरानं घरोघर सांगावा धाडला, "उद्याच्या दिवस तेवढं या." निम्मीअर्धी आली. उरलेल्या जागी मास्तरानं सातवीतली पोरं आणून बसवली आणि एकेकाला एकेक नाव वाटून दिलं. द्रुपदाची जागा रिकामी होती. सातवीतली शेवंता, तेरा वर्षांची, मास्तराला म्हणाली, "द्रुपदाक्का येतीया मास्तर. बाभळीपासनं खाणीकडं वळली. म्हणली, साहेबानं वाचाय लावलं तर पुस्तक नगं का?"

"येईल तवर तू बस तिथं," मास्तर म्हणाला. "नाव आलं की हजर म्हण."

साहेबांनी नावं घेतली. द्रुपदाचं नाव आलं. शेवंता खणखणीत म्हणाली, "हजर."

त्याच सुमाराला, म्हणे, बोडक्याचा तो कडा खाली आला.

धुरळा बसल्यावर मुकादमानं माणसं मोजली. कामावरची सगळी होती. पण एक म्हातारी म्हणाली, "हिरव्या परकराची पोरगी मगाशी आत शिरताना दिसली बया." द्रुपदाचा परकर हिरवा होता. पण तिला तर इठाबाईनं सकाळीच वेणी घालून शाळेच्या वाटेला लावलं होतं. माणसं दगड उपसायला लागली आणि इठाबाई शाळेकडं पळत सुटली.

फाटकाशी शिपायानं अडवलं. आत साहेब आहेत, आत्ता नाही. ती म्हणाली, "मला आत यायचं न्हाई. माझी द्रुपदी आलीया का, तेवढं बघून सांग. खाणीत कडा पडलाय."

शिपाई वर्गाच्या दाराशी गेला. जे ऐकलं ते त्यानं सांगितलं, कडा पडल्याचंही. साहेबांनी पटावरून बोट फिरवलं. "द्रुपदा. हजर आहे. मघाशीच ओ दिली की."

त्या वेळी लिगाडे मास्तर फळ्यापाशी उभा होता. पोरगी कुठं गेली होती आणि कशासाठी, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं. एक शेवंता आणि एक तो.

तो काही बोलला नाही.

शिपाई तिथूनच ओरडला, "हाय गं, वर्गात हाय. जा तू."

इठाबाई फाटकाबाहेर मातीत बसली. "पावलास रं बाबा," म्हणाली, दोन्ही हात जोडले. मग उठून चालायला लागली. मास्तरानं खिडकीतून बघितलं. येताना पळत आलेली बाई आता सावकाश चालली होती. कमरेचा पदर सोडून तोंड पुसत होती. खाणीवर पोहोचल्यावर ती माणसांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. माझी पोरगी साळंत हाय." ज्यांची बोटं फुटली होती त्यांनी हातातले दगड खाली ठेवले आणि ती माणसं पाणी प्यायला बसली.

वर्गात साहेब पाढे विचारत होते, नद्या विचारत होते. मास्तर उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं पुढं आपल्या तोंडानं गावाला सांगितलं, म्हणून कळलं. तो म्हणत होता, पोरगी कडा पडायच्या आधीच निघाली असेल. वाटेत असेल. आता दारात उभी राहील. वर्ग गेला तर बाकीच्या सहा पोरींची येत्या माघात लग्नं लागतील. सही एवढी होऊ दे, मग बघतो. तो दाराकडं बघायचा, सहीच्या पेनाकडं बघायचा, परत दाराकडं. मुठीतल्या खडूचं पीठ होऊन पायावर सांडलं ते त्याला कळलं नाही. असा अर्धा तास गेला. पहिला तास संपल्याची घंटा झाली.

साहेब खूश होते. पेनाचं टोपण काढत म्हणाले, "शेरा उत्तम लिहितो. ती मघाची द्रुपदा कुठंय, खणखणीत आवाजाची? तिला जरा वाचू दे."

शेवंता उभी राहिली. तिच्याजवळ पुस्तक नव्हतं. ती म्हणाली, "साहेब, मी द्रुपदा न्हाई. द्रुपदा खाणीत हाय."

मग मास्तर पळाला. मैदानातल्या या खडकावर चढला आणि बोडक्याकडं तोंड करून ओरडला, "इठाबाई, पोरगी साळंत न्हाई! दगड काढा!" आणि मग नुसतंच, "द्रुपदाऽऽ"

इथं माणसं असं सांगतात की डोंगरातून ओ आली. "हजर." त्या दिवसाआधी बोडक्यानं कधी कुणाच्या हाकेला पडसाद दिला नव्हता, सपाट डोंगर, कुठून देणार? ती ओ खाणीवरच्या सगळ्यांनी ऐकली म्हणे. इठाबाईनं आवाज आला त्या जागी हात टेकला आणि माणसांनी तिथंच उपसलं. पोरगी तिथंच सापडली. शिकलेले लोक म्हणतात, कडा पडून डोंगरात पोकळी झाली, त्यामुळं हाक परत येते. येत असेल. पोकळी कुणाच्या जिवावर झाली तेही त्यांनी सांगावं.

द्रुपदा गेली होती. पण अंग अजून ऊन होतं. दगड उचलणारा एक गडी म्हणाला, "जरा आधी हात घातला असता तर..." मुकादमानं त्याला दटावून गप्प केलं. पुस्तक काही सापडलं नाही. ते अजून आतच असेल.

मास्तर धापा टाकत तिथं पोहोचला. इठाबाईनं छाती बडवली नाही की त्याला शिव्या दिल्या नाहीत. लेकीच्या तोंडावरची माती पुसत तिनं विचारलं, "मास्तर, माझ्या पोरीचं नाव घेतलं तवा तुम्ही वर्गात व्हता का?"

मास्तर खडूनं माखलेला हात अंगाला पुसायला लागला.

"मी फाटकात उभी व्हते तवा व्हता का?"

तो हात पुसतच राहिला.

"न्हवता," इठाबाई म्हणाली. "असता तर बोलला असता."

साहेबांनी तो उत्तम शेरा लिहिलाच नाही. नववी बंद झाली, मास्तराला सहा महिने घरी बसवलं. त्या सहा महिन्यांत तो या निंबाखाली पोरं जमवून फुकट शिकवायचा आणि वहीत आली तेवढीच लिहायचा. नऊ आली तर नऊ. एकदा दोनच आली, तर दोन. दोन वर्षांनी खऱ्या आकड्यावर वर्ग परत मिळाला. त्या सहा पोरींतल्या चौघींची लग्नं तोवर झाली होती.

मास्तर कामावर परत आला त्या पहिल्या शनिवारी इठाबाई फाटकातून आत आली. या वेळी शिपायानं अडवलं नाही. ती येऊन खडकावर बसली. म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई. तुम्ही नावं घ्या, मी तोंडं बघते." मास्तरानं पट आणला. एकेक पोर पुढं आलं, खडकाला हात लावून गेलं. दोन आली नव्हती, त्यांच्या घरी माणूस धाडला. ती सापडेस्तोवर इठाबाई उठली नाही. शेवटचं नाव झालं आणि मास्तर पट मिटायला लागला.

"एक ऱ्हायलं," इठाबाई म्हणाली. "तुमचं घ्या."

मास्तरानं स्वतःचं नाव घेतलं. "हैबती लिगाडे." बाईनं त्याच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "गैरहजर."

तेव्हापासून एकोणीस वर्षं ती दर शनिवारी आली. पोरं तिच्यामागं म्हणायला शिकली. मधे एक हेडमास्तर आला, त्याला हे बरं दिसेना. मास्तराचा पाणउतारा होतो म्हणाला, बंद करू. लिगाडे मास्तरच त्याला म्हणाला, "तुम्ही यात पडू नका." इठाबाईनं लिगाडे मास्तराला माफ केलं का? नाही. लोकांना गोष्टीच्या शेवटी माफी लागते, इथं ती नाही. मरताना तिनं शेवंताला बोलावून पट तिच्या हाती दिला. "तू एकदा ओ दिली व्हतीस," ती म्हणाली. "आता हाका तू मार. तोंड बघितल्याबिगर फुडलं नाव घ्यायचं न्हाई."

मास्तर निवृत्त झाला तरी शनिवारी यायचा, खडकाला टेकून आपलं नाव ऐकायचा. शेवटी अंथरुणाला खिळला. त्या शनिवारी रीतीप्रमाणं दोन पोरं त्याच्या घरी गेली. त्यानं विचारलं, "आज काय म्हटलं रे?"

पोरं घाबरली. मग एकजण म्हणाला, "गैरहजर."

"बरोबर," मास्तर म्हणाला आणि कुशीवर वळला.

तालुक्याच्या त्या साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला. नाव कमी करण्याचा कागद पुढं काही आला नाही.

आजही शनिवारी यावं. शेवंताबाई नावं घेते तेव्हा प्रत्येक नाव बोडक्यावरून परत येतं, दोन दोनदा येतं. लिगाडे मास्तराचं तेवढं येत नाही, असं सांगतात. पोरं लगेच ओरडतात म्हणून ऐकू येत नसेल, असंही काहीजण म्हणतात. गप्प राहून बघायचं आजवर कुणी धाडस केलेलं नाही.

मास्तराच्या नावाआधी, न आलेल्या पोरीच्या घरी धाडलेले दोघं पळत येतात. शेवंताबाई खडकावरून विचारते, "डोळ्यांनी बघितली का?"

"बघितली. ताप आलाय. झोपलीया."

"हात लावला का?"

"लावला."

"कसा लागला?"

"ऊन."

बाई पटावर तेवढंच लिहिते, आजारी, घरी. मग मास्तराचं नाव घेते. शाळा ओरडते. शिपाई रुळावर सळई हाणतो आणि दुसरा तास सुरू होतो.