गुळाच्या वखारीचे पहारेकरी

एकदा एका म्हाताऱ्या वैद्यबुवांनी दोन तगड्या पहिलवानांना घरी पाठवलं, कारण दोघंही पहारा जरा जास्तच जोरात करत होते.

त्याचं असं झालं. गावातल्या गुळाच्या व्यापाऱ्याला वखारीवर एक पहारेकरी हवा होता. बुवांना माणसाची पारख चांगली, म्हणून निवड त्यांच्यावर सोपवली. सोबत शिष्य होता, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाळंतपणानंतर त्याच्या थोरल्या बहिणीच्या बोटांचे सांधे सुजले होते. सकाळी मूठ वळत नसे, पोटचं पोर उचलून घेता येत नसे. 'अंगात ताकदच उरली नाही, दुसरं काय!' असं ठरवून तो तिला शक्तीचे काढे पाजत होता. तरी सूज वाढतच होती.

चार उमेदवार आले. बुवांनी त्यांना आधी घरची सगळी माणसं दाखवली, पण परीक्षेला चोर आणलाच नाही. घरचीच माणसं एकेक करून वखारीत जायची, एवढंच. व्यापाऱ्याच्या सासूबाई आत शिरल्या, तोच पहिल्या पहिलवानाने त्यांचा दंड धरला.

"नजर बघा मालक! चोराची नजर!"

"बरोबर ओळखलंस रे!" व्यापारी खूश झाला.

"हा घरी," बुवा म्हणाले.

मग व्यापारी स्वतः मागच्या दाराने आला. दुसऱ्या पहिलवानाने त्याला उचलून ढेपांवर आपटलं. तोही घरी गेला. तिसरा बसल्या जागी घोरत होता. घरच्यांचं सोडा, शेजाऱ्याची म्हैस आत जाऊन गूळ चाटून आली तरी त्याला पत्ता नाही. त्यालाही नारळ मिळाला.

चौथा अगदी किडकिडीत होता. येणाऱ्या प्रत्येकाकडे नीट बघायचा आणि घरच्याला वाट द्यायचा.

"अहो बुवा, हा फुंकरीने उडेल!" असं म्हणत व्यापारी कंबर शेकायला घरात गेला.

बुवा शांतपणे उठले, वखारीत शिरले, एक ढेप डोक्यावर घेतली आणि चालू लागले. दुसऱ्या क्षणी ते खांबाला बांधलेले होते.

शिष्य धावला. "अहो, सोडा त्यांना! माझे गुरुजी आहेत ते!"

"तुमचे असतील. या घरचे नाहीत," किडकिडीत माणूस म्हणाला आणि त्याने गाठ आणखी आवळली. "मालक येऊ द्या."

"गाठ छान मारलीस," बुवा म्हणाले. मग शिष्याकडे वळले. "बस. आता मला तरी कुठे जायचंय? आपल्या अंगातही असे पहारेकरी असतात बाळा. छातीच्या हाडामागे त्यांची शाळा भरते. तिथे पहिला धडा घरची माणसं ओळखण्याचा. जो घरच्यावर हात उचलतो, त्याला तिथेच काढतात. ज्याला काहीच कळत नाही, त्यालाही. उरलेले अंगभर फिरतात. एकदा भेटलेला चोर ते विसरत नाहीत. तो पुन्हा आला की उंबऱ्यातच धरतात. पण एखादा भलताच पहारेकरी त्या शाळेतून निसटतो. तुझ्या ताईच्या बोटांत कोण शिरलंय असं वाटतं तुला?"

शिष्याने पाहिलं. समोर सासूबाई दंड चोळत बसल्या होत्या. त्याचा चेहरा उतरला.

"कुणीच नाही," तो हळूच म्हणाला. "तिचेच पहारेकरी तिला मारतायत. आणि मी त्यांना बळ येऊ दे म्हणून काढे देतोय."

"दूध घालून?"

"तूपसुद्धा."

"बंद कर. त्यांना आधी शांत करायला हवं. औषध मी देतो. वेळ लागेल, आणि पूर्ण बरं होईलच असं नाही. शिवाय तोवर पहारा ढिला राहील, तेव्हा तापा-खोकल्याचं माणूस तिच्याजवळ फिरकू देऊ नकोस. नीघ आता. माझी काळजी नको, जागा हवेशीर आहे."

शिष्य घरी आला तेव्हा ताई पाळण्याशी बसली होती.

"आज काढा नाही का रे?"

"नाही ताई. आजपासून बंद."

त्याने पोराला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. कालपर्यंत त्याला त्या बोटांचा मनातून राग यायचा, एवढं करूनही बळ धरत नाहीत म्हणून. तो शेजारी टेकला आणि उगाच मार खाल्लेल्या माणसाचा धरावा, तसा त्याने तिचा हात अलगद हातात घेतला.